दांडी, तार आणि नागपूरचा उन्हाळा

वाद्य आणि वादकाचा हात यांच्यामध्ये जे काही मिलिमीटरांचे अंतर असते, त्या अंतराची व्यवस्था लावणे हा माझा व्यवसाय आहे. आणि या व्यवसायात आयुष्याचा मोठा भाग वेचल्यानंतर ज्या थोड्या गोष्टींविषयी निःशंकपणे बोलण्याचा अधिकार आपल्याला आला आहे असे मला वाटते, त्यांपैकी एक गोष्ट इलेक्ट्रिक गिटारच्या संबंधातली आहे. नागपूरच्या महाल भागातील माझ्या मेजावर प्रथम सतारी, तंबोरे आणि हार्मोनियम येत असत. पुढे काळ पालटला, गणेशोत्सवाच्या व नवरात्राच्या मंडपांतून ऑर्केस्ट्रांचा सुकाळ झाला, महाविद्यालयांतून तरुणांचे बँड उभे राहिले, आणि सतारींच्या शेजारी इलेक्ट्रिक गिटारही येऊन बसली. सतारीच्या कारागिरीतून आल्यामुळे मी आजही फ्रेटला पडदा, नेकला दांडी आणि ब्रिजला घोडी असेच म्हणतो, आणि या लेखातही तीच नावे वापरणार आहे.

मेजासमोर येणाऱ्या तरुणांची कैफियत बहुधा एकाच स्वरूपाची असते. “काका, रियाज तर रोज करून राहिलो, पण वेगच येऊन नाही राहिला; नवी गिटार घ्या लागते काय?” या प्रश्नाचा निकाल मी कधीही तोंडी देत नाही, गिटार मेजावर घेतो, तिची रीतसर तपासणी करतो आणि मगच बोलतो. जलद वादनाचे सामर्थ्य हाताने कमवावयाचे असते व ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही, हे सत्य आहे. परंतु कमावलेल्या सामर्थ्याची वाट अडवून न धरण्याची जबाबदारी वाद्याची असते, हेही तितकेच सत्य आहे. मिनिटाला १६० ठोके या लयीत एका ठोक्यात चार स्वर घ्यावयाचे म्हटले तर सेकंदाला दहाहून अधिक स्वर होतात. अशा वेळी प्रत्येक स्वरासाठी बोटाला तार एक मिलिमीटर अधिक दाबावी लागली, तर त्या अनावश्यक श्रमाची बेरीज पाच मिनिटांच्या वादनात किती होईल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. पुष्कळ तरुण ज्याला आपल्या बोटांचा मंदपणा समजून खिन्न होतात, तो मंदपणा वस्तुतः या बेरजेचा असतो.

गिटार ही लाकडाची वस्तू आहे, आणि लाकूड वृक्षापासून अलग झाल्यावरही हवेतील पाणी घेण्याचा व सोडण्याचा आपला धर्म टाकीत नाही. ज्या शहरात मे महिन्यातील उष्णता पंचेचाळीस अंशांच्या वर सहज जाते, २०१३ च्या मे महिन्यात जिने ४७.९ अंशांचा टप्पा गाठला, आणि जेथे मृगाच्या सरी येताच तीच भाजणारी, कोरडी हवा काही आठवड्यांत दमट होऊन जाते, त्या शहरात या धर्माचे परिणाम फार स्पष्ट दिसतात. लाकूड लांबीत फारसे आकसत नाही, रुंदीत आकसते. पडदे मात्र धातूचे असल्यामुळे जसेच्या तसे राहतात, आणि म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पडद्यांची टोके दांडीच्या कडेबाहेर डोकावून तळहाताला बोचू लागतात. ज्याचा हात वरपासून खालपर्यंत झरझर सरकावयाचा, त्याला या बोचण्याने प्रत्येक वेळी नकळत बिचकावयास होते. त्यातच आपल्या घरोघरी कूलर असतो. खसाच्या ताट्यांतून येणारा ओलसर वारा जेथे थेट लागेल, नेमक्या त्याच भिंतीला गिटार टांगलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. रात्रभर तिने ओल प्यावी आणि सकाळी कूलर बंद झाल्यावर दिवसभर तापलेल्या खोलीत ती सोडावी, असा हा क्रम चालतो. या ओढाताणीत कोणती दांडी पुढे झुकेल आणि कोणती मागे कलेल, हे तिच्या लाकडाच्या जातीवर, कापणीवर आणि वाळवणीवर अवलंबून असते; म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा मोजणे बरे, हा माझ्या कामाचा पहिला नियम आहे.

जलद वादनाला अनुकूल अशी बारीक दांडी मुळात संभवली कशी, हे जाणून घेणेही उपयुक्त आहे. पोलादी तारांचा ताण सोसावयाचा तर दांडी जाड ठेवावी लागे, आणि जाड दांडी मुठीत घेऊन बोटांना मोकळीक मिळत नसे. अमेरिकेतील गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू या कारागिराने दांडीच्या पोटातून एक पोलादी सळई घालून तिच्या टोकाशी नट बसवण्याची योजना काढली, आणि १९२३ साली तिचे पेटंट मंजूर झाले. ट्रस रॉड या नावाने ओळखली जाणारी ही सळई तारांच्या ओढीला उलट दिशेने तोलून धरते; तिच्यामुळे दांडी सडसडीत करता आली, आणि ऋतुमानानुसार तिची वक्रता बदलण्याची सोयही झाली. पुढे १९५० च्या सुमारास लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने, स्वतः गिटार वाजवीत नसतानाही, स्क्रूंनी जोडलेल्या दांडीची सुटसुटीत इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. १९५४ साली त्याची स्ट्रॅटोकास्टर आली. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने ज्या वस्तूची कल्पना झाली, ती वस्तू दुरुस्तीला किती सोयीची असते, याचा प्रत्यय मला तिच्या प्रत्येक घोडीवर काम करताना येतो, कारण तेथे सहाही तारांची उंची व लांबी स्वतंत्रपणे कमीजास्त करण्याची तजवीज आहे.

आता निवडीविषयी. सीताबर्डीच्या दुकानात उभे राहून निवड करावयाची असो की घरबसल्या मागवावयाची असो, पाच बाबींचा विचार मी प्रत्येकाला करावयास सांगतो. पहिली बाब तारेच्या कंपन पावणाऱ्या भागाची लांबी. स्ट्रॅटोकास्टरच्या घराण्यात ती ६४८ मिलिमीटर असते, गिब्सनच्या लेस पॉलमध्ये सुमारे ६२८. तीच तार दुसऱ्या वाद्यावर तितक्याच स्वरात लावली तर ताण सुमारे सहा टक्क्यांनी कमी भरतो आणि पडद्यांमधील अंतरेही किंचित जवळ येतात, म्हणून लहान हाताला ती सोयीची जाते. दुसरी बाब पडदेपट्टीचा घाट. जुन्या पद्धतीच्या फेंडरवर पट्टीची गोलाई १८४ मिलिमीटर त्रिज्येची असे; तिच्यावर मुठीने धरलेले साथीचे स्वर सुखाने वाजतात, पण तारा खाली आणून तार ओढली, म्हणजे सतारीवर आपण ज्याला मींड म्हणतो ते केले, की पुढच्या उंच पडद्याला तार टेकून स्वर मरतो. ३०५ मिलिमीटरची पट्टी, किंवा १९८७ पासून प्रसिद्ध झालेल्या आयबानेझच्या आरजी मालिकेवरील चारशेहून अधिक मिलिमीटरची जवळजवळ सपाट पट्टी, तारा पुष्कळ खाली आणू देते. जलद एकल वादनाची हौस असणाऱ्याने सपाट पट्टीकडे झुकावे, असे माझे मत आहे.

तिसरी बाब दांडीची जाडी. परंतु येथे एक ताकीद आवश्यक आहे. सर्वांत बारीक दांडी ती सर्वांत जलद, हा समज सरसकट खरा नाही. ज्याचा पंजा मोठा आहे त्याचा अंगठा अतिबारीक दांडीमागे आखडतो आणि अर्ध्या तासात मनगट भरून येते; दांडी मुठीत भरावी पण मूठ आवळावी लागू नये, एवढीच कसोटी पुरेशी आहे. चौथी बाब पडद्यांची उंची. उंच पडद्यांवर बोटाचे टोक लाकडाला टेकत नाही, घर्षण कमी होते आणि तार ओढणे सुलभ होते. मात्र जोराने दाबण्याची सवय असलेल्याचा स्वर अशा पडद्यांवर चढा लागतो, आणि म्हणून उंच पडदा हलक्या हाताचे शिक्षण देणारा कठोर गुरू ठरतो. पाचवी बाब घोडी. झुलत्या घोडीत तारांचा ताण मागच्या पोकळीतील स्प्रिंगांच्या ताणाशी तोललेला असतो. एक तार तुटली की उरलेल्या पाचही बेसूर होतात, आणि मंडपातील कार्यक्रमात अशा प्रसंगी वादकाची जी अवस्था होते ती मी जवळून पाहिली आहे. ज्याला त्या घोडीचा विशिष्ट नाद हवाच आहे त्याने ती अवश्य घ्यावी. इतरांनी स्थिर घोडी घ्यावी.

लाकडाच्या नावाविषयी मात्र ग्राहकांनी फारसा आग्रह धरू नये. आपल्या दक्षिणेकडील अरण्यांतील शिसवी जगभरच्या गिटारांच्या पट्ट्यांसाठी जाते. २०१७ च्या आरंभी तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचे निर्बंध आले आणि २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. मधल्या काळात अनेक कारखान्यांनी इतर लाकडांचा अवलंब केला, आणि त्या पट्ट्या हलक्या प्रतीच्या होत असा प्रवाद पसरला. माझा अनुभव असा आहे की लाकूड कोणते यापेक्षा ते कसे वाळवले आहे, यावर हाताचे सुख अधिक अवलंबून असते. दुकानात दांडीच्या टोकाकडून डोळा लावून घोडीकडे पाहावे. दोन्ही कडा एका रेषेत दिसल्या, पीळ दिसला नाही, आणि प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून पाहताना कोठेही स्वर बुजला नाही, तर नाव कोणतेही असो, ते वाद्य विचारात घेण्याजोगे आहे.

वाद्य आणल्यानंतर त्याच्या जुळणीचा जो क्रम आहे तो मोडू नये, कारण प्रत्येक पायरी मागील पायरीवर उभी असते. प्रथम तारांची जाडी ठरवावी. सर्वांत बारीक तार इंचाच्या नऊ सहस्रांशांची असलेला संच ६४८ मिलिमीटरच्या गिटारवर एकंदर सुमारे ३९ किलोंचा ताण देतो, दहा सहस्रांशांचा संच सुमारे ४७ किलोंचा. हा आठ किलोंचा फरक डाव्या हाताला तर जाणवतोच, पण दांडीलाही जाणवतो, आणि म्हणून संच बदलला की पुढील सर्व काम नव्याने करावे लागते. नवशिक्याने व वेगाची हौस असणाऱ्याने नवाच्या संचापासून आरंभ करावा. तारा स्वरात लावल्यावर दुसरी पायरी दांडीच्या वक्रतेची. खर्जाची तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरली की ती तारच सरळपट्टीचे काम करते. सातव्या-आठव्या पडद्याशी तिच्याखाली ०.२ ते ०.२५ मिलिमीटरची फट राहिली पाहिजे. ही फट मोजण्यासाठी मोटारमिस्त्री ज्याने स्पार्क प्लगची फट मोजतात तो फिलर गेज चालतो, आणि तो इतवारीच्या लोहा ओळीत सहज मिळतो. सळईचा नट एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, आणि फिरवल्यावर लाकडाला स्थिर होण्यास अवधी द्यावा. अडलेल्या नटावर बळ वापरणे म्हणजे दांडी गमावण्याची तयारी करणे होय.

तिसरी पायरी पडद्यांच्या समतलाची. एखादा पडदा शेजाऱ्यांहून किंचित वर आलेला असेल तर तारा खाली आणण्याचे सर्व मनोरथ तेथेच अडतात. मी पडद्यांच्या माथ्यांवर शाई लावतो, सपाट दगडाने वा लांब कानशीने ते अलगद घासतो, शाई कोठे गेली व कोठे राहिली ते पाहतो, आणि सर्वांवरून शाई सारखी गेली की प्रत्येक माथ्याला पुन्हा गोलाई देऊन बारीक कागदाने चकाकी आणतो. पडद्यांची बाहेर आलेली टोकेही याच वेळी कडेशी घासून गुळगुळीत करतो. चकाकलेल्या पडद्यावरून तार ओढताना खरखर लागत नाही, आणि हा लाभ ज्याने एकदा अनुभवला तो कधीही विसरत नाही. चौथी पायरी दांडीच्या माथ्याकडील, तारा ज्यावरून जातात त्या नटाच्या खाचांची. तार दुसऱ्या व तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये दाबली असता पहिल्या पडद्यावर कागद जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. स्वस्त वाद्यांवर या खाचा कारखान्यातून उंचच ठेवलेल्या असतात, आणि पहिल्या तीन पडद्यांवर बोटे दुखण्याचे सर्वांत मोठे कारण हेच होय. खाचेत पेन्सिलीच्या शिशाची भुकटी घातली की तार अडकत नाही व ओढल्यावर पुन्हा आपल्या स्वरावर येते.

या चार पायऱ्या झाल्यावरच घोडीला हात लावावा. बाराव्या पडद्यावर खर्जाची तार १.८ मिलिमीटर आणि सर्वांत बारीक तार १.५ मिलिमीटर उंच, हे प्रमाण जलद वादनाच्या आरंभाला चांगले. हलक्या हाताचा वादक त्याहून खाली जाऊ शकेल, जोरकस हाताच्याने जाऊ नये. अँप बंद असताना तारेची थोडी झणझण कानी आली आणि अँपमधून ती ऐकू आली नाही, तर ती दोषास्पद मानण्याचे कारण नाही. त्यानंतर बारावा पडदा दाबून येणारा स्वर आणि त्याच जागी तारेला नुसता स्पर्श करून येणारा तरल स्वर हे एक होईपर्यंत घोडीवरील त्या त्या तारेची बैठक मागेपुढे करावी. दाबलेला स्वर चढा असेल तर बैठक मागे न्यावी. शेवटी पिकअपची उंची पाहावी, कारण त्यातील चुंबके तारांच्या फार जवळ आली की तारांचे आंदोलन ओढून धरतात, स्वर लवकर विरतो आणि वरच्या पडद्यांवर बेसूर वाटू लागतो.

या सर्व क्रमाचे फळ काय, हे सांगण्यासाठी एक उदाहरण पुरेल. एका वर्षी पावसाळा सरता सरता अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी वडिलांसह माझ्याकडे आली. तिचा हात लहान असल्यामुळे हे वाद्य तिला साधणार नाही, असे तिला कोणी सांगितले होते, आणि वडील ती गिटार विकण्याचा विचार करीत होते. “काका, पहिल्या पडद्यावर तार दाबलीच नाही जात,” एवढेच ती म्हणाली. मोजून पाहिले तेव्हा तारांचा संच अकरा सहस्रांशांचा निघाला, दांडीची फट अर्ध्या मिलिमीटरहून अधिक होती, खाचा उंच होत्या आणि बाराव्या पडद्यावर तारा तीन मिलिमीटरांच्याही वर होत्या. त्या वाद्यावर मजबूत पंजाचा पुरुषही दमला असता. संच बदलला, दांडी सरळ केली, खाचा उतरवल्या, तारा खाली आणल्या. आणि पट्टा आखूड करून, बसून वाजवताना वाद्य जेथे टेकते तेथेच उभ्यानेही ते राहील अशी व्यवस्था केली, कारण गुडघ्याकडे लोंबणाऱ्या गिटारवर मनगट मुडपते आणि मुडपलेल्या मनगटाची बोटे धावत नाहीत. पुढील काही महिन्यांत तिने जे साधले ते तिच्या रियाजाचे फळ होते, त्यावर माझा काडीचाही हक्क नाही. परंतु तो रियाज तिला करता आला, याचे समाधान माझ्या वाट्याला आले.

जुळणीचे हे संस्कार मला गिटारने दिलेले नाहीत, ते मिरजेने दिले. ज्यांच्या पूर्वजांचा धंदा शस्त्रांना धार लावण्याचा होता, त्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत तंतुवाद्यांची कारागिरी उभी केली, आणि तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित किंचित घासून जवारी काढण्याचे काम ज्याने तेथे पाहिले आहे, त्याला हे पटते की वाद्यावर जे घासले गेले ते परत लावता येत नाही, म्हणून हाताने कमी करावे आणि कानाने अधिक करावे. गिटारच्या नटाची खाच उतरवताना मी त्याच शिस्तीने कानस चालवतो: दोन ओढी, मग तार लावणे, मग ऐकणे.

भारतीय वादनाशी गिटारचे नाते याहूनही निकटचे आहे. १९७० च्या दशकात ‘शक्ती’ या वृंदात जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी पडद्यांमधील लाकूड कोरून खोलगट केलेली, सतारीच्या तरफांसारख्या जादा तारा जोडलेली गिटार वाजवली, ती आपल्या मींडेसाठी व गमकांसाठीच, आणि यू. श्रीनिवास यांनी इलेक्ट्रिक मँडोलिनसारख्या लहान दांडीच्या वाद्यावर कर्नाटक संगीतातील अतिद्रुत स्वरावली ज्या निर्मळपणे वाजवल्या, त्या ऐकल्यावर विजेवर चालणारे वाद्य आपल्या संगीताला परके आहे असे कोणी म्हणू नये. सतारीवर मिजराबाचे दा आणि रा हे उलटसुलट आघात विलंबित लयीत समतोल झाल्यावाचून गुरू द्रुत लयीला परवानगी देत नाहीत. पिकच्या खालच्या व वरच्या आघातांनाही तोच नियम लागू आहे. उजव्या हाताने एक मिलिमीटर वा त्याहून जाड, न लवणारे पिक घ्यावे, त्याचे केवळ टोक तारेबाहेर जाईल इतकीच हालचाल ठेवावी, आणि जेथे एक स्वरही पुसट होईल तेथे लय उतरवावी. जुळवलेले वाद्य आणि हा संयम एकत्र आले की वेग आपोआप वाढत जातो.

म्हणून नागपूरच्या तरुण वादकांना माझे आग्रहाचे सांगणे असे आहे. दुसरी, महागडी गिटार घेण्यापूर्वी हाती असलेली गिटार एकदा रीतसर जुळवून घ्या. तिच्यावर होणारा खर्च नव्या वाद्याच्या किमतीच्या मानाने अल्प असतो. वर्षातून दोनदा, होळी आटोपल्यावर एकदा आणि पावसाळा स्थिरावल्यावर दुसऱ्यांदा, दांडीची फट मोजण्याची वहिवाट ठेवा. उन्हाळ्यात गिटार कूलरच्या वाऱ्यात वा उघड्या भिंतीवर न ठेवता पेटीत ठेवा, पेटीत भोकांच्या साबणडबीत ओला स्पंज ठेवा, आणि तो स्पंज लाकडाला किंवा तारांना लागू देऊ नका. वाजवून झाल्यावर तारांवरील घाम कोरड्या फडक्याने पुसा, म्हणजे पावसाळ्यात त्या गंजणार नाहीत. आणि इतके केल्यावरही एखाद्या जागी बोट अडखळले, तर आधी फिलर गेज हातात घ्या. स्वतःच्या बोटांना दोष द्यावयाचा असेल तर तो त्यानंतर द्या.